धावण्याचा सराव आणि भरून येणारे पाय

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवसापासून गावोगावी पहाटेचे रस्ते जागे होतात. शाळेची मैदाने, नवीन झालेले डांबरी रस्ते, बुद्धविहारासमोरची मोकळी जागा, जिथे जागा मिळेल तिथे मुले-मुली धावू लागतात. पहिल्या दिवशी उत्साह दांडगा असतो. तिसऱ्या दिवशी यांतील निम्म्यांना जिना उतरता येत नाही, उकिडवे बसता येत नाही. आठवडा संपेपर्यंत काहीजण धावणे सोडून देतात, तर काहीजण दुखणाऱ्या पायांनीच धावत राहतात आणि खरी इजा करून घेतात. "पोराच्या अंगात रग नाही" असे म्हणून घरचे लोकही गप्प बसतात. वास्तविक हा रगीचा प्रश्न नाही, माहितीचा आहे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने हा विषय किरकोळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ते दार पुन्हा उघडावे म्हणून दोन पिढ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, डॉ. बाबासाहेबांनी सतत पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. इतक्या कष्टाने मिळालेली संधी आजच्या मुला-मुलींनी केवळ सरावाच्या चुकीच्या पद्धतीमुळे गमावू नये, म्हणून हा लेख.

महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाच्या २०२२ च्या सुधारित नियमांनुसार शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. त्यांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी असतात. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण आहेत. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पायांच्या भरवशावर आहेत. (नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी.)

दुखणे नेमके कशाचे?

धावताना लगेच जाणवणारी जळजळ आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारे दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोरात धावताना मांड्या-पोटऱ्यांत जी आग होते ती थांबल्यावर काही मिनिटांत शमते. आपल्या विषयाचे दुखणे मात्र उशिरा येते. साधारणपणे १२ ते २४ तासांनी त्याची सुरुवात होते, एक ते तीन दिवसांत ते सर्वांत जास्त असते आणि पाच-सात दिवसांत आपोआप नाहीसे होते. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ साली या दुखण्याचा अभ्यास करून असे मांडले होते की, स्नायूच्या आतच बारीक फाटाफूट होत असावी. पुढील काळातील संशोधनाने त्याचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरविले.

स्नायू दोन प्रकारे काम करतो. बादली उचलताना दंडाचा स्नायू आखडत काम करतो. तीच बादली हळूहळू खाली ठेवताना तो ताणला जात असतानाच भार पेलतो. हे दुसऱ्या प्रकारचे काम स्नायूला अधिक महागात पडते. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या गड उतरल्यामुळे. धावतानाही प्रत्येक पाऊल जमिनीवर पडते तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता-जाता सर्व शरीराचा भार अडवीत असतो. हे काम सवय नसलेल्या स्नायूला हजारो वेळा करावे लागले की त्याच्या अतिसूक्ष्म तंतूंची रचना जागोजागी विस्कटते. मग शरीर दुरुस्तीला लागते, तिथे थोडी सूज येते, तेथील मज्जातंतू हळवे होतात आणि हात लावला, पाय दुमडला तरी कळ येते. दुरुस्तीच्या या कामाला वेळ लागतो, म्हणून दुखणे उशिरा येते.

"पायात लॅक्टिक ॲसिड साचले" हे वाक्य मैदानावर हमखास ऐकू येते. ते चुकीचे आहे. जोराच्या धावण्यात तयार झालेले हे द्रव्य साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते, बरेचसे तर शरीर इंधन म्हणूनच वापरून टाकते. जे पदार्थ संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत, ते परवाच्या दुखण्याला कारण कसे होतील? शिवाय उतारावर धावताना हे द्रव्य कमी तयार होते आणि दुखणे मात्र जास्त येते. ही चुकीची समजूत दूर करणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळेच "अजून धाव, म्हणजे ॲसिड निघून जाईल" असा घातक सल्ला दिला जातो.

सर्वांत मोठा उपाय

या दुखण्यावर निसर्गानेच एक उपाय ठेवला आहे. एकदा थोडा भार पेललेला स्नायू दुरुस्त होताना आधीपेक्षा काटक होतो आणि पुढच्या वेळी तेवढ्याच भाराने फारसा दुखत नाही. हे संरक्षण काही आठवडे टिकते, आणि विशेष म्हणजे ते मिळविण्यासाठी पहिल्या दिवशी खूप दुखवून घेण्याची गरज नसते. थोडक्या भारानेही ते मिळते. म्हणून दुखणे टाळण्याचा खरा मार्ग एकच. सुरुवात थोडक्यात करावी आणि वाढ हळूहळू करावी.

ज्याने शाळा सोडल्यापासून धावणे केले नाही, त्याने जाहिरातीची वाट पाहू नये. निदान तीन महिने हातात ठेवावेत. पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस २५-३० मिनिटे, त्यांत दोन मिनिटे चालणे आणि एक मिनिट हलके धावणे असा क्रम ठेवावा. हलके धावणे म्हणजे शेजारच्याशी वाक्य पुरे करून बोलता येईल एवढ्या वेगाचे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धावण्याचा वेळ वाढवावा व चालण्याचा कमी करावा. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत २० ते ३० मिनिटे न थांबता हलके धावता आले पाहिजे. त्यानंतरच घड्याळ हातात घ्यावे. मग आठवड्यातून एकदा, नंतर दोनदा, २०० किंवा ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या मध्ये पुरती विश्रांती घेऊन माराव्यात. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या. पूर्ण अंतर पूर्ण वेगाने धावून पाहणे दहा-पंधरा दिवसांतून एकदा पुरे आहे. रोज "टायमिंग" काढणारा मुलगा रोज परीक्षा देतो आणि अभ्यास कधीच करीत नाही.

एका आठवड्यात दहा टक्क्यांहून जास्त वाढ करू नये असा एक नियम सांगितला जातो. हा आकडा काही शास्त्राने सिद्ध केलेला नाही, पण त्यामागचा विचार योग्य आहे. वेग आणि अंतर दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत, हे त्याहून जास्त महत्त्वाचे. घाटरस्ता, उतार व जिने यांचा सराव शेवटी आणि थोडा-थोडा घ्यावा. चाचणीपूर्वीच्या आठवड्यात मेहनत निम्म्यावर आणावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी रात्रभर नवीन धडा वाचीत नाही, तसेच हे आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. आपल्याकडे बाराव्या-तेराव्या वर्षानंतर पुष्कळ मुलींचे मैदान सुटते आणि विसाव्या वर्षी एकदम ८०० मीटर धावायला सांगितले जाते. त्यामुळे हळूहळू वाढीचा नियम त्यांना अधिक लागू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. सराव करूनही दम टिकत नसेल, पाय शिशासारखे जड वाटत असतील, तर अधिक धावण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

धावण्यापूर्वी आणि धावल्यानंतर

मैदानावर येताच जोरात पळत सुटू नये. आठ-दहा मिनिटे भरभर चालणे, हलके धावणे, गुडघे वर घेत चालणे, पाय पुढे-मागे झुलविणे अशा हालचालींनी अंग गरम करावे. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे दुखणे थोडे कमी होते असे प्रयोगांत दिसले आहे, आणि वेगवान धावण्यात स्नायू लचकण्याचा धोकाही कमी होतो. थंडीच्या दिवसांत हे अधिक आवश्यक आहे.

आता ताणाच्या व्यायामाविषयी, म्हणजे पाय ताणून धरून ठेवण्याविषयी. बहुतेक सर्वजण समजतात की धावल्यावर पाय ताणले की दुखणे येत नाही. या विषयावरील १२ अभ्यास एकत्र करून २०११ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, आधी ताणा वा नंतर ताणा, शंभर गुणांच्या मापावर दुखण्यात जेमतेम एक ते चार गुणांचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ नाहीच. मग ताण द्यायचेच नाहीत काय? अवश्य द्यावेत, पण हेतू ओळखून. पोटऱ्या व मांडीची मागची बाजू आखडलेली असेल तर धावल्यानंतर प्रत्येक बाजूस २०-३० सेकंद, झटके न देता, ओढ जाणवेल पण कळ येणार नाही एवढाच ताण द्यावा. सांधे मोकळे राहतात, बरे वाटते. मात्र धावण्यापूर्वी एकेक मिनिट पाय ताणून धरून मग १०० मीटर धावणे टाळावे, त्याने स्नायूचा जोर तात्पुरता कमी होतो.

धावून झाल्यावर एकदम बसू नये. पाच-सात मिनिटे चालावे. त्याने उद्याचे दुखणे टळत नाही, परंतु छातीची धडधड हळूहळू खाली येते आणि चक्कर येत नाही.

अन्न, पाणी आणि झोप

दुरुस्तीला सामान लागते. स्नायूचे सामान म्हणजे प्रथिने. नियमित मेहनत करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या मुलासाठी हे ७० ते ९५ ग्रॅम झाले. त्यासाठी डब्यातली महागडी पावडर आणावी लागत नाही. १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात सुमारे २० ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. भाकरी, दाटसर वरण, भिजवलेले हरभरे, अंडी, दूध-दही, जमल्यास मासे-मटण एवढ्यात काम भागते. भाकरी-भाताला शत्रू समजू नये, धावण्याचे इंधन तेच आहे. उपाशीपोटी जोराचा सराव करण्यापेक्षा आधी एखादे केळे किंवा गूळ-शेंगदाणे खावेत.

पाण्याचे साधे माप म्हणजे लघवीचा रंग. तो फिका असावा. गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडले आहे. उन्हाळ्यात घाम फार गेला तर लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी घ्यावे. सरावाची वेळ पहाटेची किंवा सूर्य कलल्यानंतरची ठेवावी.

आणि झोप. स्नायूंची दुरुस्ती मुख्यतः विश्रांतीत होते. रात्री बारापर्यंत मोबाईल पाहून पहाटे चारला मैदानावर जाणारा मुलगा एका हाताने बांधतो आणि दुसऱ्या हाताने पाडतो. सात-आठ तास झोप आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती यांना सरावाचाच भाग समजावे.

दुखू लागलेच तर

पाय भरून आले म्हणून अंथरुण धरू नये आणि त्याच दिवशी जोरातही धावू नये. चालणे, सायकल चालविणे किंवा पोहणे अशी हलकी हालचाल करावी. तेवढ्यापुरते पाय मोकळे होतात. आई-आजीची तेल लावून पाय चोळण्याची रीत वाया जाणारी नाही. २०१८ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात दुखणे कमी करण्यास मालिश सर्वांत उपयोगी ठरली. तेल कोणते याला महत्त्व नाही, हाताच्या बेताच्या दाबाला आहे. गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून बसल्यानेही काहींना आराम पडतो.

वेदनाशामक गोळ्या मात्र खिशात बाळगू नयेत. शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. शिवाय गोळीने कळ झाकली जाते आणि इजा वाढत जाते. "ताकदीचे इंजेक्शन" देऊ म्हणणाऱ्याला तर उभेच करू नये. त्यात नोकरी आणि जीव दोन्ही जाण्याची शक्यता असते.

धोक्याच्या खुणा

साधे दुखणे दोन्ही पायांत साधारण सारखे असते, मोठ्या स्नायूंत पसरलेले असते आणि दिवसागणिक कमी होते. पुढील प्रकार वेगळे आहेत.

१) नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येणे, विश्रांतीतही दुखणे. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

२) धावताना अचानक "कट्" झाल्यासारखे वाटून पाय लंगडा पडणे. हे स्नायू फाटल्याचे लक्षण असू शकते.

३) एकाच पोटरीला सूज, लाली व गरमपणा.

४) असह्य दुखणे, पायांत जोर न राहणे आणि लघवी चहासारखी किंवा कोलासारखी तांबूस-काळी होणे. यात स्नायू मोठ्या प्रमाणावर मोडून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडात अडकत असतात. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

५) धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे, बडबडणे किंवा घाम बंद होऊन अंग तापणे.

ही भीती काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहापेक्षा अधिक उमेदवारांना प्राण गमवावे लागले.

सिकलसेलची तपासणी का करावी

आपल्या समाजाने, विशेषतः विदर्भातील बांधवांनी, हा भाग लक्षपूर्वक वाचावा. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे ज्ञात आहे की, आदिवासी समाजाबरोबरच विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजेच आजच्या बौद्ध समाजातही या रक्तदोषाचे वाहक लक्षणीय प्रमाणात आहेत. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आला असेल तर ती व्यक्ती वाहक असते. तिला एरवी काही त्रास नसतो आणि ती पूर्ण आयुष्य जगते. त्यामुळे तिला स्वतःलाही हे ठाऊक नसते.

परंतु अति जोराच्या, सलग, उन्हातल्या श्रमात वाहकाच्या काही तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन स्नायूंच्या बारीक रक्तवाहिन्या अडवू शकतात. अमेरिकन लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचा मृत्युदर इतरांपेक्षा जास्त आढळला नाही, ही दिलाशाची गोष्ट. पण श्रमाने स्नायू मोडण्याचा धोका त्यांच्यात ५४ टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ वाहकाने धावू नये असा मुळीच नाही. त्याने नियम अधिक काटेकोर पाळावेत. सराव हळूहळू वाढवावा, वेगवान फेऱ्यांमध्ये भरपूर विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे, ताप असताना किंवा भर उन्हात धावू नये. जोरात धावताना पहिल्या काही मिनिटांतच पाय दुखून निर्जीव पडू लागले तर जागीच थांबावे. पायात गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा कडक होतो आणि माणूस ओरडतो. या प्रकारात स्नायू हाताला मऊ लागतो आणि माणूस गळून खाली बसतो. अशा वेळी "ऊठ, नाटक करू नको" असे म्हणणे जीवघेणे ठरू शकते. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा सराव करूच नये.

तपासणी साधी आहे. बोटातील थेंबभर रक्तावर प्राथमिक चाचणी होते आणि तीत दोष दिसल्यास पुढील चाचणीने खात्री केली जाते. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले आहे. हीच तपासणी विवाहापूर्वी उपयोगी पडते, कारण आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रक्तातला दोष हा कोणाचा अपराध नव्हे.

सोणाची वीणा आणि संघाच्या वहाणा

बौद्ध साहित्यात सोण कोळिविसाची कथा आहे. चंपा नगरीतील श्रीमंत घरात अत्यंत सुखात वाढलेला हा तरुण भिक्खू झाला आणि इतक्या हट्टाने चंक्रमण करू लागला की त्याचे तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तरीही साध्य हाती येईना, तेव्हा तो निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला विचारले की, पूर्वी तू वीणा वाजवीत होतास, तारा फार ताणल्या असता ती नीट वाजत होती काय? सैल सोडल्या असता वाजत होती काय? सोणाला उत्तर कळले. त्याने प्रयत्न सोडले नाहीत, त्यांना माप दिले आणि तो अर्हत झाला. सरावाचे संपूर्ण शास्त्र या उपमेत आले आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात या कथेचा पुढचा भाग आहे, तो सहसा सांगितला जात नाही. सोणाचे पाय पाहून तथागतांनी त्याला वहाणा वापरण्याची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्यास नम्रपणे नकार दिला आणि संघाला मिळाल्यास मीही वापरीन असे सांगितले. तेव्हा सर्व भिक्खूंसाठी वहाणांची अनुज्ञा झाली.

आपल्या मंडळांनी या प्रसंगातून बोध घेण्यासारखा आहे. ज्याची ऐपत आहे तो मुलगा शहरात जाऊन अकादमीत नाव घालतो, बूट घेतो. ज्याची नाही तो फाटक्या चपलेने डांबरी रस्त्यावर धावतो. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि भीमजयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून गरजू मुला-मुलींना मापाचे, मऊ तळाचे बूट देता येतील. विहारात वर्षातून एकदा हिमोग्लोबिन व सिकलसेल तपासणीचे शिबीर भरविता येईल. समाजातील निवृत्त सैनिक व पोलीस बांधवांनी आठवड्यातून दोन पहाटे दिल्या तर मुलांना अनुभवी मार्गदर्शन मिळेल, आणि मुलींना मैदानावर सुरक्षित वाटेल.

विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. जाहिरातीआधी तीन महिने सुरुवात करा, पहिल्या आठवड्यात मनापेक्षा कमी धावा, पोटभर जेवा, पुरेसे झोपा आणि शरीर देत असलेल्या धोक्याच्या सूचना ऐका. थोडेफार पाय दुखतील, ते शरीर घडत असल्याचे लक्षण आहे. पण जिना उतरता येऊ नये इतके दुखणे हे मेहनतीचे प्रमाणपत्र नव्हे.

जयभीम!